सांभाळणाऱ्याचा गुन्हा : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

सत्र न्यायालयात आरोप सिद्ध झाला की न्यायाधीशांना लगेच शिक्षा सांगता येत नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. ही सुनावणी बहुधा थोडक्यात आटोपते. आई म्हातारी आहे, घरात कमावणारा एकटाच आहे, आधीचा एकही गुन्हा नाही, असे मुद्दे वकील मांडतात आणि टंकलेखक ते उतरवून घेतो. ज्या खटल्यात गुन्हा एखाद्या मुलावरचा असतो आणि आरोपी हाच त्या मुलाला सांभाळणारा असतो, तिथे या यादीत आणखी एक मुद्दा येतो. त्याने या मुलाला ठेवून घेतले, खाऊपिऊ घातले, शाळेत घातले. एरवी हे पोर रस्त्यावर असते.

उपकाराच्या या मुद्द्याचे न्यायालयाने काय करायचे? शिक्षा कमी करताना तो धरायचा की वाढवताना? गेल्या दीडशे वर्षांत जगातल्या आणि आपल्याकडच्या न्यायालयांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि त्या उत्तरांचा मागोवा घेणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे, असे मला वाटते. कायद्याचे विद्यार्थी, समाजकार्याचे विद्यार्थी, बालकल्याण समितीवर नव्याने नेमलेले सदस्य, शिक्षक, वार्ताहर आणि आपल्या इमारतीत किंवा चाळीत असे एखादे मूल पाहून अस्वस्थ झालेले कुणीही या विषयात येऊ शकते. आधीची तयारी फारशी लागत नाही. निकालपत्र शेवटपर्यंत वाचण्याची चिकाटी मात्र हवी.

मुंबईच्या उपनगरांपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावावरून आलेल्या माणसांनी भरलेली वस्ती आहे आणि दुसऱ्याचे मूल घरी ठेवून घेणे ही इथली जुनी रीत आहे. कोकणातून किंवा घाटावरून भाच्याला शिकायला आणायचे, वडील गेल्यावर पुतणीला काकाने ठेवून घ्यायचे, आई दुसऱ्या शिफ्टला गेली की मूल शेजारच्या मावशींकडे, त्यांनीच चालवलेल्या दोन खोल्यांच्या पाळणाघरात. गिरणीच्या काळापासून हे चालत आले आहे आणि बहुतेक घरांत ते प्रेमाने निभावले गेले आहे. या विषयात येणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी, कारण सतत गुन्ह्यांची कागदपत्रे वाचणाऱ्याला प्रत्येक मावशी संशयित वाटू लागते आणि तसे झाले की त्याचा अभ्यास बिघडतो.

अशा सांभाळण्याला कागद नसतो. कागद असलेली व्यवस्था वेगळी आहे आणि तिचे सरकारी नाव प्रतिपालकत्व. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समिती एखाद्या मुलाला नात्याबाहेरच्या कुटुंबात ठेवते, त्या कुटुंबाची आधी पाहणी होते आणि नंतर दर महिन्याला समितीने जाऊन मूल बरे आहे की नाही हे तपासायचे असते. महाराष्ट्रात याहून अधिक परिचित आहे ती बालसंगोपन योजना. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघे नसलेल्या, आजारी किंवा तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांसाठी ती आहे. अनेक वर्षे तिचे अनुदान महिन्याला ४२५ रुपये होते. २०२१ मध्ये ते ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाले. त्याच वेळी योजनेला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि यशवंतला आपला मुलगा म्हणून वाढवले, त्यांचे नाव या योजनेला शोभतेच. पण नाव एवढे मोठे असेल तर त्याखाली चालणारी दर महिन्याची पाहणीही खरी व्हायला हवी.

आता कायद्याकडे वळू. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ मुलावरच्या क्रौर्याबद्दल आहे आणि ते ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा किंवा नियंत्रण आहे अशा प्रत्येकाला लागू होते. कागदावर पालक कोण आहे याच्याशी या कलमाला कर्तव्य नाही. मूल प्रत्यक्षात कुणाच्या हाताखाली आहे, एवढेच ते विचारते. उपनगरातल्या विनाकागद सांभाळण्याच्या दृष्टीने ही शब्दरचना फार मोलाची आहे. गावच्या भावाने नुसत्या फोनवर सांगून पाठवलेली मुलगी ज्या घरात राहते, ते घरही या कलमाखाली येते.

लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम ५ मध्ये गुन्हा अधिक गंभीर ठरवणाऱ्या परिस्थितींची लांबलचक यादी आहे. तिच्यात रक्ताचे, दत्तकाचे, लग्नाचे नातेवाईक येतात, पालकत्वाने किंवा प्रतिपालकत्वाने जोडलेली व्यक्ती येते, मुलाबरोबर एकाच घरात राहणारी व्यक्ती येते, मुलांसाठी चालवलेल्या संस्थेचे चालक व कर्मचारी येतात आणि शेवटी विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवर असलेला कुणीही येतो. मूळ कायद्यात या गंभीर गुन्ह्याला किमान १० वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान २० वर्षे झाली; कमाल मर्यादा उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभर कारावासापर्यंत, प्रसंगी फाशीपर्यंत गेली. म्हणजे उपकाराचा प्रश्न या कायद्याने स्वतःपुरता सोडवून टाकला. तुम्ही मुलाला सांभाळत होतात, म्हणूनच तुमचा गुन्हा अधिक गंभीर.

मारहाणीच्या बाबतीत मात्र कायद्याने असे स्पष्ट उत्तर दिलेले नाही आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित दोष इथेच आहे. कलम ७५ ची साधी शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आरोपी संस्थेचा चालक किंवा कर्मचारी असेल तर ५ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड. मूल त्या क्रौर्याने शरीराने अपंग झाले, मनाने खचून नेहमीची कामे करू शकेनासे झाले किंवा त्याच्या जिवाला धोका झाला, तर किमान ३ आणि कमाल १० वर्षे. या पायऱ्या नीट पाहा. संस्थेतल्या कर्मचाऱ्यासाठी वेगळी वरची पायरी आहे. घरात मूल ठेवून घेणाऱ्या प्रतिपालकासाठी ती नाही. समितीने पारखून, लिहून, सही घेऊन ज्याच्या हाती मूल सोपवले त्याने त्याला चटके दिले, उपाशी ठेवले, तर शिक्षेच्या हिशेबात तो आणि मूल ताब्यात असलेला दुसरा कुणीही एकाच पायरीवर उभे राहतात. लैंगिक गुन्ह्यात प्रतिपालकत्वाचा शब्दशः उल्लेख करणाऱ्या संसदेला क्रौर्याच्या कलमात तो सुचला नाही. सरकार संस्थांऐवजी कुटुंबांत मुले ठेवण्याकडे झुकत असताना, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येईल असे म्हटलेले असताना, ही उणीव तशीच राहू देणे मला धोक्याचे वाटते. २००० च्या कायद्यात याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होती हे लक्षात घेतले तर आपण पुढे आलो आहोत. पण एक पायरी गाळून पुढे आलो आहोत.

परदेशातली दोन प्रकरणे इथे सांगायला हवीत, कारण या विषयाचे कोणतेही पुस्तक उघडले की ती समोर येतातच. पहिले न्यूयॉर्कचे, १८७४ मधले. मेरी एलन विल्सन ही दहा वर्षांची मुलगी सरकारी धर्मादाय खात्याने मेरी कॉनोली नावाच्या बाईच्या घरी ठेवली होती. एटा व्हीलर या वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीला तिचे हाल कळले. दाद कुठे मागायची हे कळेना, तेव्हा ती प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध काम करणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. मुलीच्या साक्षीवरून कॉनोलीला एक वर्षाची शिक्षा झाली आणि मुलांवरील क्रौर्याविरुद्धची जगातली पहिली म्हणून गणली जाणारी संस्था त्यातून उभी राहिली.

दुसरे प्रकरण इंग्लंडचे. ९ जानेवारी १९४५ रोजी श्रॉपशरमधल्या एका शेतघरात डेनिस ओनील हा बारा वर्षांचा प्रतिपालित मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. सांभाळणारा रेजिनाल्ड गॉफ याला सदोष मनुष्यवधाबद्दल ६ वर्षांची, तर त्याची बायको एस्थर हिला हेळसांडीबद्दल ६ महिन्यांची शिक्षा झाली. लोकक्षोभ शिक्षेवर थांबला नाही. मुलाला तिथे ठेवणारी एक नगरपालिका आणि ज्या हद्दीत ते घर होते तो दुसरा परगणा, या दोघांमध्ये त्याच्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी लोंबकळत राहिली होती. सर वॉल्टर माँक्टन यांची चौकशी, मग कर्टिस समिती आणि शेवटी १९४८ चा चिल्ड्रन ॲक्ट असा प्रवास त्यातून झाला. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक याच प्रकरणावरून सुचलेले आहे. १९५२ पासून लंडनमध्ये ते पाहणाऱ्या लाखो प्रेक्षकांतल्या किती जणांना डेनिसचे नाव माहीत असेल, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

इंग्लंडमध्ये आज बालक्रौर्याच्या शिक्षेसाठी न्यायाधीशांना लेखी मार्गदर्शन आहे. २०१९ पासून लागू झालेल्या या सूचनांत विश्वासाच्या जागेचा गैरवापर कसा मोजायचा याचा विचार आहे आणि कमाल शिक्षा २०२२ मध्ये १० वरून १४ वर्षे झाली. आपल्याकडे असे मार्गदर्शन नाही. २००३ मध्ये मलिमठ समितीने ते हवे म्हटले, नंतर माधव मेनन समितीनेही म्हटले, आणि ‘सोमन विरुद्ध केरळ राज्य’ या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अभावाची स्पष्ट नोंद केली. अजूनही प्रत्येक न्यायाधीशाला आपापल्या समजुतीने वाट काढावी लागते.

मुंबईत या विषयाचे घर शोधायचे तर ते देवनार-मानखुर्दच्या टापूत सापडते. १९२४ च्या बॉम्बे चिल्ड्रन ॲक्टनंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहे ही तिचीच. लोक अजून त्यांना सरसकट रिमांड होम म्हणतात. मानखुर्दपासून जवळच, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली. बेघर माणसांसाठी काम करणारा ‘कोशिश’ हा उपक्रम याच संस्थेतला. बिहारमधल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी त्याच्याकडे आली आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला भयानक प्रकार त्या अहवालातून बाहेर आला. दिल्लीच्या साकेत न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थाचालक ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप दिली. पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या कल्याणी महिला बालसेवा संस्थेचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीला आले तेव्हा उच्च न्यायालयाने ज्या समितीकडे पाहणी सोपवली तिच्या प्रमुख डॉ. आशा बाजपेयी याही टाटा संस्थेतल्याच. मतिमंद आणि मूकबधिर मुलींच्या साक्षी हा त्या खटल्याचा कणा होता. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले, ते या मुलींना ऐकून घ्यायची तयारी कुणीतरी दाखवली म्हणून.

शीला बर्से या पत्रकार-कार्यकर्तीचे नाव इथे आदराने घ्यायला हवे. मुंबईच्या निरीक्षणगृहांत मुलांना दिवसेंदिवस अडकवून ठेवतात, कामाला लावतात, ही तक्रार घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘शीला बर्से विरुद्ध सेक्रेटरी, चिल्ड्रन्स एड सोसायटी’ हा डिसेंबर १९८६ चा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. सोसायटीची जबाबदारी राज्याचीच आहे हे त्यात मान्य झाले. पुढे गोव्यात मडगावच्या गुरुकुल नावाच्या अनाथाश्रमाचा चालक फ्रेडी पीट १९९१ मध्ये पकडला गेला, तेव्हा खटला रेंगाळू नये म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला त्यांतही त्या होत्या. १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीटला जन्मठेप दिली. गावात तो परोपकारी गृहस्थ म्हणून वावरत होता. गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे या प्रकरणाची जखम आहे.

पण एकच प्रकरण नीट अभ्यासायचे असेल तर मी अँकरेज शेल्टर्सचे सुचवीन. तिन्ही न्यायालयांचे निकाल आणि त्यांतली एकाच पुराव्याची तीन वाचने असा धडा दुसरीकडे मिळत नाही. ब्रिटिश नौदलात काम केलेला डंकन ग्रँट याने १९९५ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे काढले. कुलाबा, कफ परेड आणि रायगडमधले मुरुड. ॲलन वॉटर्स हा त्याचा मित्र तिथे येऊन राहत असे आणि विल्यम डिसोझा व्यवस्था पाहत असे. मुलांना जेवण, कपडे, शाळा, सहली मिळत होत्या. २००१ मध्ये लैंगिक शोषणाच्या आणि मारहाणीच्या तक्रारी बाहेर आल्या. चाइल्डलाइन आणि बालहक्कांच्या वकील महारुख अडेनवाला यांनी त्या उच्च न्यायालयापर्यंत नेल्या. तोवर ग्रँट आणि वॉटर्स देशाबाहेर होते. वॉटर्सला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक होऊन त्याला इकडे आणावे लागले. ग्रँट नंतर स्वतः हजर झाला. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने या दोघांना प्रत्येकी ६ वर्षे सश्रम कारावास आणि २० हजार पौंड दंड, तर मुलांना मारहाण करणाऱ्या डिसोझाला ३ वर्षे अशी शिक्षा दिली. जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या खंडपीठाने ती निर्दोष मुक्तता रद्द करून सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली.

या तीन निकालांत कायद्याची कलमे बदलली नाहीत, पुरावाही बदलला नाही. मुलांच्या बोलण्याकडे पाहायची नजर बदलली. रस्त्यावर वाढलेली मुले, आधी एक बोलली आणि नंतर दुसरे, इतकी वर्षे गप्प का राहिली, निवारा सोडून का गेली नाहीत, ही शंका उच्च न्यायालयाला पुरेशी वाटली. सर्वोच्च न्यायालयाला ती वाटली नाही. निवारा सोडून जायचे म्हणजे कुठे जायचे, हा साधा प्रश्न मनाशी ठेवून ही निकालपत्रे वाचावीत. जो मारतो किंवा शोषण करतो त्याच्याच हातून रात्रीचे जेवण मिळत असेल, तर मुलाचे गप्प राहणे हा त्याच्या कहाणीतला विसंगत भाग नाही. तो त्या कहाणीचाच भाग आहे. एवढे समजून घ्यायला आपल्या न्यायव्यवस्थेला त्या एका खटल्यात दहा वर्षे लागली.

शिक्षेचा आकडाही पाहण्यासारखा आहे. तेव्हा बलात्काराच्या कायद्यात मुलगे बसतच नव्हते. त्यांच्यासाठी जुन्या दंडसंहितेचे कलम ३७७ तेवढे होते आणि त्यात जन्मठेपेपर्यंत जाण्याची मुभा असतानाही न्यायालय ६ वर्षांवर थांबले. तसाच गुन्हा आज पोक्सोच्या कलम ६ खाली सिद्ध झाला तर २० वर्षांच्या खाली कुणालाच उतरता येणार नाही.

ही वाढ पाहून समाधान वाटते, आणि ते रास्त आहे. तरीही वाचकाने थोडे थांबून पुढचा प्रश्न विचारावा असे मला वाटते. किमान शिक्षा इतकी मोठी असेल तर दोषी ठरवताना न्यायाधीशाचा हात जड होतो का? आणि त्याहून आधी, मुलाची जीभ जड होते का? बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील बाल व कायदा केंद्राने महाराष्ट्रातल्या पोक्सो न्यायालयांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. आरोपी घरचा असला की मुलांनी साक्षीत फिरणे हा या राज्यातही मोठा प्रश्न आहे, हे तो वाचताना जाणवते. काकाला वीस वर्षे होणार, मग काकू आणि तिची दोन मुले कुठे जातील, आजी काय म्हणेल, आपल्याला कोण ठेवेल, हा विचार बारा वर्षांची मुलगी करते. दिंडोशीच्या सत्र न्यायालयात पश्चिम उपनगरांतले असे बरेच खटले चालतात. पूर्वेकडच्या मुलुंड-घाटकोपरच्या कुटुंबाला बहुधा लोकलने फोर्ट गाठावा लागतो. तारखेला तिला घेऊन कोण येते, हे विचारले की निम्मा खटला कळतो. तिला घेऊन येणारी व्यक्ती आरोपीच्याच घरातली असेल तर पडद्याआडून साक्ष घेण्याची सोय, मदतीला दिलेली सपोर्ट पर्सन, एका वर्षात खटला संपवण्याची कायद्यातली अपेक्षा, हे सगळे अपुरे पडते.

मुलाचे म्हणणे शिक्षेच्या सुनावणीत तर कुठेच येत नाही. गुन्हा सिद्ध करण्यासाठी ते बोललेले असते. त्यानंतर आरोपीची परिस्थिती काय हे न्यायालय विचारते, मुलाची काय झाली हे विचारण्याची रीत नाही. ‘मल्लिकार्जुन कोडगली’ या २०१८ च्या निकालात न्या. मदन लोकूर यांनी पीडितावर झालेल्या परिणामाचे निवेदन शिक्षेआधी न्यायालयापुढे यावे अशी गरज बोलून दाखवली. प्रतिपालित मुलांच्या बाबतीत ही गरज दुप्पट आहे. अशा मुलाचे एक घर आधीच गेलेले असते, दुसरे या खटल्याने जाते. शाळा बदलते, वस्ती बदलते, भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे अशी ताटातूट होते. शिक्षा ठरवणाऱ्याने हे नुकसान ऐकलेले असले पाहिजे. माझा स्वतःचा कौल स्पष्ट आहे: शिक्षेच्या प्रत्येक आदेशाला मुलाच्या पुढच्या तीन-चार वर्षांच्या व्यवस्थेची नोंद जोडलेली असावी. पोक्सोच्या कलम ३३ खाली भरपाई देता येते, राज्याची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे, बालकल्याण समिती आहे. तीन दारे आहेत, पण ती तीन वेगळ्या कार्यालयांत आहेत आणि त्यांच्यामध्ये धावपळ करणारे मोठे माणूस या मुलाकडे बहुधा नसते.

या अभ्यासाला लागणाऱ्याने कामाची सुरुवात निकालपत्राच्या शेवटाकडून करावी. आधी शिक्षेचा परिच्छेद वाचावा. त्यात आरोपीच्या बाजूने काय मांडले गेले, त्यातले न्यायालयाने काय मानले, सांभाळण्याचा उल्लेख कोणत्या सुरात आला, हे टिपावे. मग मागे जावे आणि मूल त्या घरात किंवा संस्थेत कसे पोचले ते शोधावे. कुणी ठेवले, कोणत्या कागदावर ठेवले, नंतर कोण बघायला गेले? पुष्कळदा एवढी साधी माहिती निकालात सापडत नाही, कारण ती गुन्हा सिद्ध करायला लागत नाही. ती जिथे नसेल तिथे आपला अभ्यास सुरू होतो. बालकल्याण समितीचे आदेश, तपासणीचे अहवाल, अनुदानाच्या याद्या यांच्याकडे वळावे लागते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, म्हणून नाव, शाळा, गल्ली, इमारत, यांतले काहीही आपल्या लेखनातून बाहेर पडता कामा नये. दिंडोशी किंवा मुलुंडसारख्या ठिकाणी नुसते सोसायटीचे नाव लिहिले तरी अख्ख्या वस्तीला मूल ओळखू येते.

आणि प्रत्यक्ष मुलांशी बोलायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येकाला तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावाच लागतो. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. अभ्यासकाला यात सूट नाही. त्यामुळे एखाद्या बालगृहात किंवा घरी मुलासमोर बसल्यावर पहिला प्रश्न विचारण्याआधीच त्याला त्याच्या भाषेत सांगायचे, की तू मला काही सांगितलेस आणि त्यात कुणी तुला त्रास देत असल्याचे निघाले, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. हे ऐकून काही मुले गप्प बसतात. त्यांना गप्प बसू द्यावे, १०९८ हा क्रमांक पाठ करून घ्यावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.